क्रांतिसिंहांचा अखेरचा निरोप आणि 'पत्री'चा वाद

कुंडल - स्वातंत्र्यलढ्यात 'प्रति सरकार'ची राजधानी म्हणून ओळखल्या गेलेल्या या गावात क्रांतिसिंह नाना पाटील यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. ६ डिसेंबर १९७६ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा देशात आणीबाणी होती आणि वृत्तपत्रांवर नियंत्रण होते. परंतु नानांच्या कार्याची चर्चा वृत्तपत्रांच्या स्तंभांवर कधीच अवलंबून नव्हती. ती पारावर, चावडीवर आणि बांधावर होत आली.

नानांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० चा. वाळवा तालुक्यातील येडे मच्छिंद्र हे त्यांचे गाव. तलाठ्याची नोकरी सोडून ते १९३० च्या सविनय कायदेभंगात उतरले आणि पुढे वारंवार तुरुंगात गेले. १९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत झाले. १९४३ पासून सातारा जिल्ह्यात प्रति सरकार उभे राहिले. कुंडल त्या वेळी औंध संस्थानात होते. ब्रिटिश पोलिसांना तेथे मुक्त संचार नसल्याने कार्यकर्त्यांना आसरा मिळाला. जी. डी. बापू लाड यांच्या नेतृत्वाखाली तुफान सेनेची बांधणी झाली. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी रक्कम नेणारी रेल्वे लुटली गेली. न्यायदान मंडळे, दारूबंदी आणि कमी खर्चाचे विवाह ही या सरकारची दुसरी बाजू होती.

या काळातच नानांच्या मातोश्रींचे निधन झाले. घरादारावर जप्ती आलेली, डोक्यावर बक्षीस लागलेले. तरीही जिवावर उदार होऊन नानांनी कऱ्हाडच्या घाटावर आईवर अंत्यसंस्कार केले. मुलगा म्हणून असलेले कर्तव्य आणि पकडले जाण्याची भीती यांत त्यांनी कर्तव्याची बाजू घेतली. ही हकिकत कृष्णाकाठी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

स्वातंत्र्यानंतर नाना सत्तेच्या वाटेने गेले नाहीत. काँग्रेस सोडून ते शेतकरी कामगार पक्षात आणि नंतर कम्युनिस्ट पक्षात गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही ते अग्रभागी होते. १९५७ मध्ये उत्तर साताऱ्यातून आणि १९६७ मध्ये बीडमधून ते लोकसभेवर निवडून आले. कष्टकऱ्यांच्या बोलीत सभा जिंकणारा हा नेता अखेरपर्यंत साधेपणानेच राहिला. त्यांच्या इच्छेनुसार वाळवा येथे त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

त्यांच्या पश्चात दोन प्रश्नांवर चर्चा होत राहिली. पहिला प्रश्न नावाचा. फितुरांच्या आणि गावगुंडांच्या पायांना पत्रे ठोकले जातात, असा समज पसरला आणि 'पत्री सरकार' हे नाव रूढ झाले. चळवळीतील कार्यकर्त्यांनी मात्र 'प्रति सरकार' हेच नाव मानले. तळव्यांवर काठीचे फटके देण्याची शिक्षा होती. पत्रे ठोकण्याची कथा त्यांना मान्य नव्हती. एका अक्षराच्या या फरकात मोठा अर्थ दडला आहे. एक नाव दहशत सांगते, तर दुसरे पर्यायी राज्याचा दावा करते.

दुसरा प्रश्न वारशाचा. गांधीजींच्या हाकेने लढ्यात उतरलेला, पण अहिंसेच्या चौकटीत न मावलेला आणि पुढे लाल झेंडा हाती घेतलेला हा नेता नेमका कोणाचा? प्रत्येक पक्षाने त्यांच्या आयुष्यातील सोयीचा तेवढा कालखंड उचलला. नानांची पूर्ण ओळख मात्र हे सारे कालखंड एकत्र पाहिल्यावरच होते.

६ डिसेंबर हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचाही महापरिनिर्वाण दिन. त्या दिवशी राज्याचे लक्ष चैत्यभूमीकडे असते आणि क्रांतिसिंहांचे स्मरण बहुधा त्यांच्या परिसरापुरते राहते. जी. डी. बापूंचे २०११ मध्ये, तर नानांच्या कन्या, स्वातंत्र्यसेनानी हौसाताई पाटील यांचे २०२१ मध्ये निधन झाले. प्रत्यक्ष पाहिलेले सांगणारी पिढी आता सरली आहे. यापुढे 'प्रति' म्हणायचे की 'पत्री', याचा निवाडा त्या काळाचा अभ्यास करणाऱ्यांनाच करावा लागणार आहे.