डॉ. फिलिप हेंच आणि आजीची गोळी

पिट्सबर्ग येथे १८९६ साली जन्मलेल्या फिलिप हेंच यांची टाळू जन्मतः दुभंगलेली. बोलताना त्रास होई. तरी ते डॉक्टर झाले आणि अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये आमवाताच्या रोग्यांत रमले. १९२९ साली कावीळ झालेल्या एका रोग्याचे सांधे दुखेनासे झालेले त्यांनी पाहिले. गरोदर स्त्रियांतही तेच! शरीरच काही औषध तयार करीत असावे, हा ध्यास त्यांनी एकोणीस वर्षे सोडला नाही. अखेर सहकारी केंडॉल यांनी शोधलेले कॉर्टिझोन सप्टेंबर १९४८ मध्ये त्यांनी एका जखडलेल्या तरुणीला टोचले, रोज १०० मिलिग्रॅम. काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० साली केंडॉल व राइशस्टाइन यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले.

पण रोग्यांचे चेहरे सुजू लागले, मने बिघडू लागली. औषध थांबताच दुखणे परते. हेंच यांनी हे लपविले नाही. मला ते नोबेलहून मोठे वाटते. १९६५ साली ते वारले.

माझी आजी त्याच कुळातील प्रेडनिसोलोन घेते, ५ मिलिग्रॅम. म्हणजे त्या तरुणीच्या मात्रेच्या साधारण चौथाई बळाचे. एवढ्यानेही वर्षानुवर्षे घेतल्यास हाडे ठिसूळ होण्याचा, जंतुसंसर्गाचा धोका थोडा उरतोच, म्हणून डॉक्टरांत अजून मतभेद आहेत. आजी मात्र पुन्हा भाकरी थापते. गोळी मनाने एकदम बंद करायची नाही, एवढे मी तिला बजावून ठेवले आहे.