दासांचे दास : संत जोसेफ वाझ

धर्मग्रामाचा महोत्सव हा आनंदाचा तसाच आत्मपरीक्षणाचाही प्रसंग होय. मंदिर उभे राहिले, घंटा टांगली गेली, कुटुंबांची संख्या वाढली, ह्याबद्दल परमेश्वराचे उपकार मानणे योग्यच आहे. परंतु ज्या पाचारणासाठी हे सारे उभारिले गेले ते आपण कितपत पाळिले, हा प्रश्न उरतोच. ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर जन्मलेल्या एका धर्मगुरूचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे, असे मनात आले.

जोसेफ वाझ ह्यांचा जन्म इ.स. 1651 च्या एप्रिल महिन्यात गोव्यातील साष्टी प्रांतात, बाणावली ह्या गावी, त्यांच्या आजोळी झाला. वाझ घराणे सांकवाळचे. मूळचे ब्राह्मण, सधन व प्रतिष्ठित. गोवा शहरात उच्च शिक्षण घेऊन 1676 साली त्यांनी धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली. त्या काळी एतद्देशीय धर्मगुरूस युरोपियन धर्मगुरूच्या बरोबरीचा मान मिळत नसे. ह्या अपमानाने कोणी खचून गेला असता, कोणी कडवट झाला असता. जोसेफ वाझ ह्यांनी मात्र तिसरीच वाट धरिली. ते अनवाणी चालू लागले आणि 1677 साली एक लेख स्वहस्ते लिहून त्यांनी आपणास पवित्र मरियेच्या चरणी दास म्हणून कायमचे वाहून घेतले. उच्च कुळातील पुरुषाने दास हे नाव आपखुशीने घ्यावे, ही त्या काळच्या समाजात लहान गोष्ट नव्हती.

1681 साली त्यांची रवानगी कानडा प्रांतात झाली. मंगळूर, कुंदापूर ह्या भागांतील विखुरलेल्या ख्रिस्ती कुटुंबांना त्यांनी गोळा केले. तेथे धर्माधिकाराविषयी दोन पक्षांत तंटा माजला होता. त्या तंट्यात श्रद्धाळू लोकांची ओढाताण होऊ नये म्हणून त्यांनी सलोख्याची शिकस्त केली. गोव्यास परतल्यावर 1685 साली ते ओरेटरी ह्या एतद्देशीय धर्मगुरूंच्या नव्या संघात सामील झाले.

तथापि त्यांचे मन सिलोनकडे, म्हणजे आजच्या श्रीलंकेकडे लागले होते. तेथे डचांनी पोर्तुगीजांस घालवून कॅथलिक धर्मगुरूंस मज्जाव केला होता. सुमारे 30 वर्षे तेथील श्रद्धावंतांना ना मिस्सा, ना पापनिवेदन. 1687 साली जोसेफ वाझ मजुराच्या वेषात, जॉन नावाच्या एका विश्वासू सेवकासह जाफन्यास उतरले. प्रवासाच्या हालांनी व हगवणीने ते मरणोन्मुख झाले होते. बरे होताच गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागू लागले; जपमाळ पाहून ज्याचे डोळे पाणावत, तो आपला, हे त्यांस कळे. रात्री गुप्तपणे मिस्सा होई, पहाट होण्याआधी ते दुसऱ्या गावी जात.

1692 साली ते कँडीच्या राज्यात गेले. पोर्तुगीजांचा हेर असल्याच्या संशयावरून त्यांस कैदेत टाकण्यात आले. कैदेतही त्यांनी सिंहली भाषेचा अभ्यास केला व एका झोपडीत वेदी मांडली. पुढे राजाचा संशय फिटला. परंपरा अशी सांगते की, मोठे अवर्षण पडले असता राजाने त्यांस प्रार्थना करावयास लाविले. त्यांनी चौकात वेदी मांडली आणि पाऊस कोसळला.

बारामती-इंदापूरच्या जिरायती गावांतील माणसास ही पावसाची कथा सर्वांत प्रिय वाटावी, हे साहजिक आहे. ह्या लेखकास मात्र त्यांच्या चरित्रातील दुसराच प्रसंग अधिक मोठा वाटतो. 1697 साली कँडीत देवीची भयंकर साथ आली. राजाने नगर सोडिले. रोग्यांस त्यांच्याच आप्तांनी रानात नेऊन टाकिले. अशा वेळी जोसेफ वाझ व त्यांचे सहकारी फादर जोसेफ कार्व्हाल्हो रानोमाळ फिरून रोग्यांस शोधीत होते. रिकाम्या घरांत त्यांची सोय लावणे, पेज भरविणे, जखमा धुणे आणि मृतांस स्वहस्ते मूठमाती देणे, हे काम त्यांनी साथ ओसरेपर्यंत केले. रोगी बौद्ध आहे की ख्रिस्ती, हे त्यांनी विचारिले नाही. पाऊस देवाच्या आज्ञेने पडला असेल. परंतु तहानलेल्या रोग्याच्या ओठांस पाणी लावणारा हात मनुष्याचाच होता.

पुढे बिशपपदाची सूचना आली, तीही त्यांनी नम्रपणे नाकारिली. 24 वर्षांच्या सेवेने झिजलेला हा धर्मगुरू 1711 सालच्या 16 जानेवारी रोजी कँडी येथे प्रभूस शरण गेला. त्यांची कबर नेमकी कोठे आहे, हे आज कोणासही ठाऊक नाही. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी 1995 साली त्यांस धन्य म्हणून व पोप फ्रान्सिस ह्यांनी 2015 साली संत म्हणून जाहीर केले. दोन्ही सोहळे कोलंबो येथेच झाले.

प्रिय बंधुभगिनींनो, 2020 सालच्या महामारीत आपणही पाहिले की, स्वतःच्या पित्याच्या देहास हात लावण्यास मुले कचरत होती. त्या दिवसांत प्रस्तुत लेखकही एका दफनाच्या वेळी कबरीपासून दूर उभा राहिला; नियम तसा होता हे खरे, पण भय त्याहून मोठे होते, हेही खरे. संत जोसेफ वाझ ह्यांचे चरित्र तेव्हापासून त्यास स्वस्थ बसू देत नाही.

साथ संपली; रानात टाकिलेली माणसे मात्र संपलेली नाहीत. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते, आणि नीरा कालव्याच्या ह्या बागायती मुलखात बीड-नगरकडील ऊसतोड मजुरांचे तांडे येतात. त्यांची पोरे शाळेऐवजी फडात असतात. त्यांच्या बायका पाचटाच्या कोपीत बाळंत होतात. त्यांच्या श्रमावर आपला गोडवा उभा आहे. त्यांना नाताळात मिठाई देणे ही दया होय. पण त्यांच्या मुलास वर्गात जागा, आजाऱ्यास दवाखान्याची वाट आणि घामास पुरता मोबदला मिळावा म्हणून त्यांच्या बाजूने उभे राहणे हा न्याय होय. पाचारणास दोन्ही हवीत.

जपमाळ पाहून श्रद्धावंतांनी त्या अनोळखी भिकाऱ्यास ओळखिले. आपणास लोकांनी कशावरून ओळखावे, ह्याचा विचार प्रत्येकाने आपल्या घरी करावा. महोत्सवाच्या ह्या वर्षी तो संत आपणासाठी विनंती करो.