तट्टावर बसून जग फिरलेली इझाबेला

माथेरानला गेलं की दस्तुरी नाक्यावर घोडेवाले गराडा घालतात. लहान मुलं टुणकन चढून बसतात. प्रश्न येतो तो आपला. एवढंसं जनावर, त्याला आपलं वजन पेलायचं का? चारचौघांत हसू नको व्हायला, असं मनाशी म्हणत आपण पायीच निघतो. घोडेवाल्याला मात्र त्यात काही विशेष वाटत नसतं. त्याचं तट्टू रोज धडधाकट माणसं वाहत असतं.

घोड्यांच्या दुनियेत खांद्यापर्यंतची उंची साधारण चार फूट दहा इंचांच्या आत असली की त्याला पोनी म्हणतात, म्हणजे आपलं तट्टू. आपण या शब्दाला नाक मुरडतो, भाडोत्री तट्टू ही तर शिवीच होऊन बसली. पण मराठ्यांची घोडदळं डोंगरदऱ्यांतून वाऱ्यासारखी फिरली, ती भीमथडीच्या अशाच लहानखुऱ्या, काटक जनावरांवर. आखूड पाठ, जाड हाडाचे पाय, टणक खूर आणि मिळेल त्या चाऱ्यावर भागवून घेण्याची सवय. उंच, देखणा घोडा जिथं अडखळतो, तिथं तट्टू पाऊल चाचपून पुढं जातं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे इझाबेला बर्ड. इंग्रजांच्या देशातली, एका पाद्र्याची मुलगी. उंची चार फूट अकरा इंच, म्हणजे मोठ्यातल्या मोठ्या तट्टापेक्षा इंचभर जास्त. जन्मभर पाठीच्या दुखण्यानं बेजार. आणि हिनं हवाई, अमेरिका, जपान, लडाख, इराण, कोरिया असे देश पालथे घातले, तेही बहुतेक त्या त्या मुलखातल्या जनावरांच्या पाठीवर बसून.

तिचा जन्म 15 ऑक्टोबर 1831 चा, यॉर्कशरमधल्या बरोब्रिजचा. वडील एडवर्ड बर्ड आधी वकील होते आणि काही वर्षं कलकत्त्यात होते. तिथं त्यांची पहिली बायको गेली, मूल गेलं. मायदेशी परतून ते पाद्री झाले, दुसरं लग्न केलं. त्या संसारातली इझाबेला थोरली आणि हेन्रिएटा धाकटी. घरात तिला सगळे हेनी म्हणत. थोरलीला लहानपणापासून पाठीचा त्रास. उघड्या हवेत राहू द्या असं डॉक्टरांनी सांगितल्यामुळे वडील तिला घोड्यावर घेऊन फेरफटका मारायचे आणि वाटेत दिसलेल्या शेतांबद्दल, पिकांबद्दल प्रश्न विचारायचे. पुढं आयुष्यभर तिची नजर बारीक राहिली, त्याचं मूळ मला तरी इथंच दिसतं.

अठराव्या वर्षी पाठीच्या कण्याजवळची गाठ काढली. पण दुखणं गेलं नाही. निद्रानाश, डोकेदुखी, अंथरुणात पडून काढलेले दिवस. समुद्रप्रवास करून पाहा, असा सल्ला मिळाला. 1854 मध्ये वडिलांनी शंभर पौंड हातात ठेवले आणि पैसे पुरतील तोवर अमेरिकेत राहा म्हणून सांगितलं. त्या काळात कुणा बापानं लेकीला असं पाठवावं, हे मला तिच्या सगळ्या प्रवासांइतकंच नवलाचं वाटतं. परत येऊन तिनं त्यावर पुस्तक लिहिलं, ते छापलंही गेलं. पण 1858 मध्ये वडील वारले आणि मायलेकी एडिंबरोला राहायला गेल्या. 1866 मध्ये आईही गेली. दोघी बहिणी उरल्या. मोठी पुन्हा अंथरुणाला खिळली.

चाळिशी उलटल्यावर, 1872 मध्ये, डॉक्टरांच्या सांगण्यावरून ती पुन्हा निघाली. ऑस्ट्रेलिया आवडलं नाही. न्यूझीलंडहून अमेरिकेकडे जाणारी बोट जुनाट होती, वादळानं तिची पार दैना केली. वाटेत हवाई बेटं लागली आणि एका सहप्रवासिनीचा मुलगा आजारी पडला म्हणून तिच्या सोबतीला इझाबेला उतरली. राहिली मात्र सहा महिन्यांहून अधिक.

आता इथं थोडं खोगिराबद्दल सांगायला हवं. त्या काळी युरोपातल्या घरंदाज बायकांनी घोड्यावर बसायचं ते एका अंगाला, दोन्ही पाय डावीकडे सोडून. उजवा गुडघा खोगिराच्या शिंगात अडकवायचा आणि तोंड समोर ठेवायचं. म्हणजे कंबर एकीकडे आणि खांदे दुसरीकडे. वर भरघोस, जड झगा. धडधाकट बाईची पाठ धरेल अशी ही बैठक, तर इझाबेलाच्या पाठीचं काय होत असेल! हिलो गावी ज्वालामुखी पाहायला निघायचं ठरलं आणि पाठदुखीनं सगळं फिसकटणार असं दिसायला लागलं. तेव्हा तिथल्या शेरिफनं सुचवलं, की इथल्या बायका बसतात तसं दोन्हीकडे पाय टाकून बसून पाहा, मेक्सिकन खोगीर घ्या.

आपल्याला यात काय मोठंसं वाटणार? काष्टा घालून घोड्यावर मांड ठोकणाऱ्या बायका आपल्या इतिहासात आहेत. झाशीच्या राणीचा पुतळा एका अंगाला बसलेला कुणी पाहिलाय का? पण पाद्र्याच्या मुलीला ही फार मोठी पायरी होती. ती चढली आणि पाठ दुखायची थांबली. निदान घोड्यावर असताना तरी. तिनं स्वतःसाठी पोशाखही बेतला. वर जाकीट, घोट्यापर्यंतचा घागरा आणि आत पायघोळ तुर्की विजार. मग काय, किलाउएचा धगधगता लाव्हा झाला, पुरानं फुगलेले ओढे झाले. एका ठिकाणी तर घोडी पोहत होती आणि ही तिला चिकटून होती. त्यानंतर तेरा हजार फुटांवरचा मौना लोआ. एडिंबरोत उशीवरून डोकं न उचलणारी बाई ती हीच!

तिथून हेनीला लांबलचक पत्रं जायची. ती वाचून हेनीलाही वाटलं, आपणही जावं. तसं तिनं कळवलंही. इझाबेलानं ते टाळलं आणि आपणच परत यायच्या गोष्टी लिहायला लागली. मला हे वाचून बरं वाटलं नाही. घर सांभाळणारी, पत्रं वाचणारी, वाट पाहणारी कुणीतरी मागं असल्याशिवाय तिचं हे फिरणं झालं नसतं. तिची पुढची गाजलेली पुस्तकंसुद्धा हेनीला लिहिलेल्या या पत्रांतूनच झाली.

1873 च्या शरद ऋतूत ती कोलोराडोतल्या रॉकी पर्वतात पोचली. एस्टेस पार्क नावाच्या दरीत ग्रिफ इव्हान्सच्या लाकडी खोपटात मुक्काम. तिथं तिला भेटला जिम न्यूजंट. एका अस्वलानं चेहऱ्याची एक बाजू ओरबाडून काढलेली, एक डोळा गेलेला. दारूडा, भांडखोर, पण कविता करणारा आणि बायकांशी अदबीनं वागणारा. त्याच्या मदतीनं ती चौदा हजार फुटांचा लाँग्ज पीक चढली. खरं तर त्यानं दोरानं ओढूनच नेली, असं तिनंच कबूल करून टाकलंय. जिमचा तिच्यावर जीव जडला होता. तिलाही तो आवडत होता. पण जीव लावावा, लग्न करू नये असा हा माणूस, हे तिनं ओळखलं. शहाणपणाच म्हणायचा. पुढच्याच वर्षी इव्हान्सनं जिमवर गोळी झाडली आणि काही महिन्यांनी तो मेला.

पण त्या पहाडातला तिचा खरा सोबती म्हणजे बर्डी. तपकिरी रंगाची, रेड इंडियनांकडच्या जातीची छोटीशी घोडी. या घोडीवर बसून ती एकटी निघाली. तिथला हिवाळा तोंडावर आलेला. खोगिराला बांधलेलं गाठोडं, तेवढंच सामान. रस्ते धड नाहीत, जे आहेत ते बर्फाखाली गेलेले. अकरा हजार फुटांवरचे घाट. एकदा तर हिमवादळात तिच्या पापण्याच गोठून मिटल्या. अशा वेळी घोडीला वाट सापडेल यावर भरवसा ठेवण्यावाचून गत नव्हती. खुरांत बर्फाचे गोळे साठले की बर्डी घसरायची. मग ही उतरायची, गोळे काढायची, पुन्हा चढायची. रात्री कुणा अनोळखी खोपटात जागा मिळाली, तर आधी घोडीची सोय पाहायची. असे शेकडो मैल झाले.

गंमत म्हणजे डेन्व्हरसारखं मोठं गाव जवळ आलं, की ती लांब घागरा चढवायची आणि पुन्हा एका अंगाला बसायची! गाव मागं पडलं की परत मांड. चारचौघांचा धाक रॉकी पर्वतातही सुटला नव्हता.

एस्टेस पार्कमध्ये अर्धवट रानटी गुरांचे मोठे कळप होते. ते हाकून आणायला एकदा माणूस कमी पडला आणि इव्हान्सनं तिला बोलावलं. पहाटे उठून ती गुराख्यांबरोबर घोडा दामटत राहिली. बिथरलेली शिंगं समोर, खडकाळ उतार खाली. तिच्याइतकंच कसब त्या घोड्यांचंही. काल पहाड चढायचा, आज गुरं वळायची, उद्या ओझं वाहायचं. एकच जनावर घरातल्या बाईसारखं पडेल ते काम करायचं. आपण तरी ते बाईचं कौतुक म्हणून सांगतो, तट्टाचं कुणी सांगत नाही.

या प्रवासाचं पुस्तक 1879 मध्ये आलं आणि धडाधड खपलं. पण लंडनच्या टाइम्सनं लिहिलं की बाई पुरुषी कपडे घालून फिरल्या. ती संतापली. त्या टीकाकाराला चाबकानं फोडून काढा, असं तिनं प्रकाशकाला सांगितलं म्हणे. पुढच्या आवृत्तीत आपल्या पोशाखाचं चित्र आणि खुलासा छापूनच ती गप्प बसली. बर्फात एकटीनं घोडी हाकणाऱ्या बाईला लोक काय म्हणतील याची एवढी धास्ती वाटावी, याचं हसू येतं. मग वाटतं, आपण तरी कुठं वेगळ्या?

त्याआधी, 1878 मध्ये, ती जपानच्या उत्तर भागात जाऊन आली. बरोबर इतो हा अठरा वर्षांचा दुभाष्या. इथली तट्टं म्हणजे ओझ्याची, लाकडी खोगिराची. पायात लोखंडी नालांऐवजी गवताच्या वहाणा, त्या काही मैलांत झिजायच्या आणि वाटेत बदलाव्या लागायच्या. दोर धरून चालवायला पुष्कळदा शेतकरणीच असायच्या. पाऊस, चिखल, पिसवा. तट्टांनी तिला पाडलं. पाठीचं दुखणंही उफाळलं. तरी ती होक्काइडोतल्या आयनू लोकांपर्यंत पोचली आणि त्यांच्या घरांबद्दल, रीतींबद्दल तपशीलवार लिहिलं. त्या काळच्या गोऱ्या बाईचा तोरा तिच्या लिखाणात जागोजागी आहे, काही पानं वाचताना राग येतो.

1880 च्या जून महिन्यात स्कॉटलंडमधल्या टोबरमोरी गावी हेनी विषमज्वरानं गेली. तिची शुश्रूषा करणारे डॉक्टर जॉन बिशप इझाबेलापेक्षा दहा वर्षांनी लहान होते. त्यांनी तिला आधीपासून मागणी घातली होती. 1881 मध्ये तिनं होकार दिला, पण लग्नातही बहिणीच्या शोकाचे काळे कपडे घातले. पाच वर्षांत, 1886 मध्ये, तेही गेले.

मग ती दवाखान्यात शुश्रूषेचं शिक्षण घेऊन 1889 मध्ये हिंदुस्थानात आली. काश्मीरमध्ये नवऱ्याच्या नावानं आणि अमृतसरला बहिणीच्या नावानं बायकांसाठी दवाखाने काढायला तिनं पैसे दिले. तिथून लडाख. तिच्या ग्याल्पो नावाच्या करड्या घोड्यानं लाथा मारून, चावून सगळ्यांना वैताग आणला. श्योक नदी ओलांडताना तिच्याखालचा घोडा काठावर चढता चढता मागं उलटला, ती त्याच्याखाली पाण्यात. लोकांनी ओढून काढली, एक बरगडी मोडली होती. घोडा बिचारा बुडाला. वय तेव्हा सत्तावन्न.

पुढच्या वर्षी इराणचे बर्फाळ घाट झाले. 1892 मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं पहिल्यांदाच बायकांना सभासद करून घेतलं, त्यात ती होती. बावीसजणी झाल्या आणि पुरुष सभासदांनी एवढा गदारोळ केला, की पुढं 1913 पर्यंत दार बंदच राहिलं.

बासष्टाव्या वर्षी ती कोरियात होती. तिथली तट्टं जेमतेम कमरेच्या वर येणारी, पण दोन-दोन मण ओझं घेऊन दिवसाला तीस मैल चालायची. एकमेकांशी मात्र इतकी भांडायची, की धर्मशाळेत त्यांची डोकी साखळीनं गव्हाणीला जखडून ठेवायची. त्यांना दिवसातून तीनदा शिजवलेल्या शेंगदाण्यांचं आणि कोंड्याचं गरम आंबोण लागायचं. शेंगदाणे म्हणजे आपले नव्हेत, तिकडच्या घेवड्यासारख्या शेंगांचे दाणे. माणसांचं जेवण मागं राहिलं तरी चालेल, तट्टांचं आंबोण आधी. पाठीवरच्या त्यांच्या जखमा पाहून तिला कसंसंच व्हायचं, तेही तिनं लिहून ठेवलंय.

शेवटचा मोठा प्रवास मोरोक्कोचा, 1901 मधला. तिथं मात्र तट्टू नव्हतं. सुलतानानं तिला दिला तो भलाथोरला काळा घोडा. एकोणसत्तर वर्षांची, चार फूट अकरा इंचांची ही बाई त्याच्यावर शिडी लावून चढायची. त्यावर तिनं शेकडो मैल मजल मारली.

तिथून आल्यावर तब्येत ढासळत गेली. 7 ऑक्टोबर 1904 ला एडिंबरोत ती वारली, त्र्याहत्तरावा वाढदिवस आठवड्यावर आला होता. चीनला जायचं म्हणून तिच्या ट्रंका तेव्हाही भरलेल्या होत्या. टोबरमोरीच्या धक्क्याजवळ घड्याळाचा एक मनोरा आहे. हेनीच्या आठवणीसाठी तो तिनंच आपल्या पैशानं बांधायची सोय करून ठेवली होती.