पुड्यावरची बाई : नॅन्सी ग्रीन

संभाजीनगरच्या बाजारात गेलं की दुकानात पिठाचे, मसाल्याचे पुडे दिसतात. काहींवर हसऱ्या बाईचं चित्र असतं. ती बाई कोण, हे आपण कधी विचारत नाही. अशाच एका बाईंची माहिती मी आज सांगणार आहे.

नॅन्सी ग्रीन यांचा जन्म १८३४ साली अमेरिकेतील केंटकी राज्यात झाला. त्या जन्मापासून गुलाम होत्या. तेव्हा तिथे काळ्या लोकांची गुराढोरांसारखी खरेदी-विक्री होत असे. १८६५ साली ही गुलामगिरी कायद्याने बंद झाली. ती मोडण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकन लोकांनाच महात्मा फुले यांनी १८७३ साली आपलं 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केलं.

पुढे नॅन्सीबाई शिकागो शहरात एका गोऱ्या कुटुंबाकडे काम करू लागल्या. १८९० साली एका पिठाच्या कंपनीने त्यांना नेमलं. ते तयार पीठ कालवून तव्यावर टाकलं की पॅनकेक होई. पॅनकेक म्हणजे आपल्या धिरड्यासारखाच, पण जाड आणि मऊ. १८९३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं. स्वामी विवेकानंदांचं प्रसिद्ध भाषण त्याच वर्षी, त्याच शहरात झालं. प्रदर्शनात नॅन्सीबाई पॅनकेक करत आणि गोष्टी सांगत. बघायला ही गर्दी! पीठ खूप खपलं.

पण पुड्यावर त्यांचं नाव नव्हतं. तिथे आँट जेमिमा, म्हणजे जेमिमा मावशी, असं गाण्यातून उचललेलं नाव होतं. त्या काळी गोरे लोक काळ्या बायकांना मानाने हाक मारत नसत, नुसतं आँट म्हणत. कंपनी मोठी झाली. नॅन्सीबाई मात्र म्हातारपणीही लोकांच्या घरी राबत होत्या.

१९२३ साली त्या मोटार अपघातात वारल्या. त्यांच्या कबरीवर नावाचा दगडसुद्धा नव्हता. तो २०२० साली बसला, म्हणजे ९७ वर्षांनी! २०२१ साली कंपनीने पुड्यावरचं ते जुनं नावही काढून टाकलं.

हे समजलं तेव्हा मला आपल्या शाळेची खिचडी आठवली. ती शिजवणाऱ्या मावशींचं नाव मला चार वर्षांत माहीत नव्हतं. परवा ताट धुताना मी विचारलं. त्या आधी लाजल्या, मग पदर सावरून आडनावासकट पूर्ण नाव सांगितलं. मावशी म्हणण्यात माया आहे, पण नावही ठाऊक पाहिजे. पालकांनो, आज आलाच आहात तर तुम्हीही त्यांना नाव विचारून जा.