संत थॉमस मोअर यांच्या घरची बैठक



२२ जूनला ख्रिस्तसभा संत थॉमस मोअर यांचे स्मरण करते. राजापुढे न झुकलेले हुतात्मे म्हणून आपण त्यांना ओळखतो. २००० साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना राज्यकर्ते व राजकारणी यांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. आज मात्र आपण त्यांच्या घरात डोकावू या. चार मुलांच्या या बापाला भरल्या घराचा खर्च एकाएकी कमी करावा लागला होता.

थॉमस यांचा जन्म १४७८ सालचा, लंडनचा. ते वकील झाले. पहिली पत्नी जेन १५११ साली वारली तेव्हा तीन मुली आणि एक मुलगा लहानच होते. थॉमस यांनी लवकरच ॲलिस नावाच्या विधवेशी विवाह केला. पुढे थेम्स नदीकाठी चेल्सी येथे त्यांचे मोठे घर झाले. मुले, जावई, नातवंडे, नोकरचाकर असा गोतावळा तिथे एकत्र राहत असे. शिक्षक ठेवून त्यांनी मुलींनाही मुलाच्या बरोबरीने लॅटिन व ग्रीक शिकवले. त्या काळी असे करणारे बाप फार थोडे होते.

१५२९ च्या सप्टेंबरात ते राजदरबाराबरोबर बाहेरगावी असताना चेल्सीची धान्याची कोठारे जळाली. आग शेजाऱ्यांच्या कोठारांपर्यंतही गेली. थॉमस यांनी ॲलिसबाईंना पत्र धाडले. आधी घरातल्या सगळ्यांना घेऊन चर्चमध्ये जा, देवाने दिले, नेले आणि मागे ठेवले त्या सर्वांबद्दल त्याचे आभार माना, असे त्यांनी कळवले. मग शेजाऱ्यांचे नुकसान विचारायचे होते. आपल्या घरच्या आगीने गरिबाचे काही जळले असेल तर घरात चमचा उरला नाही तरी चालेल, पण भरपाई व्हायला हवी होती. त्यानंतर घराला आणि पेरणीला किती धान्य लागेल त्याचा हिशेब. शेती ठेवायची की सोडायची याचाही विचार करायचा होता. मात्र जायला ठिकाण नसलेल्या गड्याला तडकाफडकी काढायचे नव्हते. पत्रातला हा क्रम आम्हाला फार मोलाचा वाटतो.

त्याच वर्षी ऑक्टोबरात ते इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर झाले. पण राजा आठवा हेन्री ख्रिस्तसभेवर आपली सत्ता लादू लागला. १६ मे १५३२ रोजी, धर्मगुरूमंडळाने राजापुढे मान तुकवल्याच्या दुसऱ्याच दिवशी, थॉमस यांनी पद सोडले. मिस्सा संपली की त्यांचा एक नोकर ॲलिसबाईंच्या बाकाजवळ येऊन, साहेब निघाले, अशी वर्दी देत असे. राजीनाम्यानंतरच्या सणाला ती वर्दी थॉमस स्वतःच टोपी हातात घेऊन द्यायला आले! बाईंना ही थट्टा मुळीच कळली नाही.

त्यांनी नोकरांना एकेक करून इतरांच्या घरी कामाला लावून दिले. आठ वल्हेकऱ्यांची नाव नव्या चॅन्सेलरला दिली. मग मुले, जावई यांना जवळ बसवून विचारले की, आता वर्षाला जेमतेम १०० पौंड येणार, तर एकत्र राहायचे कसे? कोणी बोलेना. तेव्हा त्यांनीच पायऱ्या सांगितल्या. प्रत्येकाने खर्चाला हातभार लावायचा. पहिल्या वर्षी लिंकन्स इन या वकिलांच्या संस्थेत मिळे तसे जेवण. तेही झेपले नाही तर ते विद्यार्थी असताना न्यू इनमध्ये मिळे तसे, मग ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांसारखे. तेही परवडले नाही तर झोळ्या घेऊन सर्वांनी मिळून दारोदारी साल्वे रेजिना गात भिक्षा मागायची. ताटातले पदार्थ कमी होतील, पण घर फुटणार नाही असा तो बेत होता.

सरपण घेणे परवडेना तेव्हा झोपण्यापूर्वी नेच्याचे भारे पेटवून सगळे शेकत बसत. याच काळात बिशपांनी त्यांच्या ग्रंथलेखनाबद्दल हजारो पौंड देऊ केले. ते त्यांनी घेतले नाहीत.

एप्रिल १५३४ मध्ये शपथ नाकारल्यामुळे त्यांना टॉवरच्या तुरुंगात टाकले. चेल्सीला घर, ग्रंथसंग्रह, बाग, बायकामुले असताना या घाणीत का राहता, असे ॲलिसबाईंनी त्यांना भेटीत सुनावले. हे घरही आपल्या घराइतकेच स्वर्गाच्या जवळ नाही का, असे त्यांनी विचारले, पण बाईंना ते पटले नाही. आम्हाला त्यांचा राग येत नाही. तुरुंगातल्या जेवणाखाण्याचे आठवड्याला १५ शिलिंग भरावे लागत आणि ते भरण्यासाठी त्यांनी आपले कपडे विकले.

६ जुलै १५३५ रोजी थॉमस यांचा शिरच्छेद झाला. मालमत्ता आधीच जप्त झाली होती. १५३७ साली राजाने ॲलिसबाईंना वर्षाला २० पौंड मंजूर केले.