डॉ. अँड्र्यू बेल व मद्रासची धूळपाटी

स्कॉटलंडातील सेंट अँड्र्यूज ह्या विद्यापीठाच्या गावी इ. स. १७५३ च्या मार्च महिन्यात एका न्हाव्याच्या घरी अँड्र्यू बेल ह्यांचा जन्म झाला. बाप धंद्याने न्हावी खरा, पण बुद्धीने तल्लख व बुद्धिबळात निष्णात होता. मुलगाही हुशार निघाला. तथापि त्या काळच्या छडीच्या राज्यात शाळेची वाट धरताना आपला थरकाप होत असे, ही आठवण त्यास पुढे जन्मभर पुरली. विद्यापीठात त्यांनी गणित व सृष्टिशास्त्र ह्यांत नाव मिळविले. १७७४ साली ते अमेरिकेत व्हर्जिनियास जाऊन खाजगी शिक्षक झाले, १७८१ साली परत फिरले, वाटेत जहाज फुटून मरता मरता वाचले, आणि स्वदेशी आल्यावर त्यांनी धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली.

१७८७ साली ते मद्रासेस आले. तेथे अनेक पलटणींच्या उपाध्यायाची कामे त्यांनी एकट्याने पदरात पाडून घेतली व पुष्कळ पैसा साठविला. द्रव्याची आवड त्यांस होती, हे लपविण्यात अर्थ नाही. परंतु १७८९ साली एग्मोर येथे गोऱ्या शिपायांच्या पोरक्या मुलांसाठी अनाथगृह निघाले, तेव्हा त्याचे पर्यवेक्षकपण पत्करून त्याचे वेतन घेण्याचे मात्र त्यांनी नाकारले. ह्या मुलांपैकी बहुतेकांच्या माता हिंदी होत्या. त्यांच्या हातून काही चांगले निपजेल असे फारसे कोणास वाटत नसे. पगारी शिक्षक तर त्या मतावर निर्धास्त झोप घेत. मुलांस महिनोगणती मुळाक्षरेही येत नसत.

एके दिवशी सकाळी घोड्यावरून रपेट करीत असता बेल ह्यांस एक देशी शाळा दिसली. मुले जमिनीवर बसून वाळूत बोटाने अक्षरे गिरवीत होती. आपल्याकडील जुन्या वाचकांस धूळपाटी नवी नाही. पंतोजींच्या शाळेत कित्येक पिढ्यांनी तिच्यावरच हात वळविला. पण बेल ह्यांस तो साक्षात्कारच वाटला. ना कागद, ना शाई, ना खर्च. शिवाय अक्षर ओळखणे व काढणे ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधत होत्या! त्यांनी अनाथगृहात जाऊन सर्वांत खालच्या वर्गाच्या शिक्षकास तसे शिकविण्यास सांगितले. हे व्हावयाचे नाही, असे त्या गृहस्थाचे उत्तर आले. तेव्हा बेल ह्यांनी वरच्या वर्गातील जॉन फ्रिस्कन नावाच्या आठ वर्षांच्या मुलास बोलावून तो वर्ग त्याच्या हवाली केला. मोठ्यांना अशक्य वाटलेले ते काम त्या शिपायाच्या पोराने करून दाखविले.

मग बेल ह्यांनी एकामागून एक सर्व वर्ग मुलांच्याच हाती दिले. प्रत्येक वर्गात जोड्या लावल्या : एक शिकणारा, एक शिकविणारा. शेजारच्याचा धडा कच्चा राहिला तर जाब शिकविणाऱ्यास द्यावा लागे. त्यामुळे त्यास आपला धडा आधी पक्का करावा लागे. आदल्या वर्षी ज्यास बेरीज अडली होती, त्यास दुसऱ्याची बेरीज कोठे अडते ते चटकन कळे. पंडितास ते कळतेच असे नाही. अपराधांची नोंद एका काळ्या वहीत होई व तिचा निवाडा आठवड्यास मुलांची पंचायत करी. शिक्षकाने हिंडून पाहावे, अडेल तेथे हात द्यावा, एवढेच. छडीचे काम जवळजवळ उरले नाही, आणि ज्यास स्वतःच्या शाळेत कापरे भरे त्या गृहस्थास हाच ह्या योजनेतील सर्वांत मोठा लाभ वाटला असल्यास नवल नाही.

वाळू आपण देशी शाळेतून घेतली, पण मुलांकरवी शिकविण्याची कल्पना आपली स्वतःची, असे बेल ह्यांचे सांगणे असे. ते कितपत मानावे? १६२३ साली पिएत्रो देल्ला व्हाल्ले ह्या इटालियन प्रवाशाने इक्केरीच्या वाटेवर एका देवळाच्या ओसरीत चार मुले गुरूवाचून सुरात उजळणी म्हणत व वाळूवर अंक काढीत बसलेली पाहिली होती. विसरले तर एकमेकांस सुधारतो, असे त्यांनी त्यास सांगितले. आमच्या मते बेल ह्यांचे खरे श्रेय शोधाचे नसून, इतरांनी तुच्छ मानलेल्या गोष्टीकडे पाहून तिला रीतसर पद्धतीचे रूप देण्याचे आहे.

१७९६ साली ते इंग्लंडास परतले व पुढील वर्षी आपल्या प्रयोगाची लहानशी पुस्तिका त्यांनी छापली. तिकडे जोझेफ लँकॅस्टर ह्या तरुणाने लंडनमधील गरिबांच्या मुलांसाठी अशीच शाळा चालविली होती. तो १८०४ साली बेल ह्यांस भेटावयासही गेला. पुढे मात्र मूळ कल्पना कोणाची, व शाळेत कोणत्या पंथाचा धर्म शिकवावा, ह्यांवरून दोघांच्या अनुयायांत कडाक्याचे वाद माजले. १८११ साली बेल ह्यांच्या पद्धतीने शाळा काढण्यासाठी नॅशनल सोसायटी स्थापन झाली. मुंबईतही १८१५ साली निघालेल्या एज्युकेशन सोसायटीच्या शाळांत हीच पद्धती आली.

शाळा वाढल्या तसा तिचा जीव मात्र आटला. फ्रिस्कनच्या पाठीशी बेल उभे होते. शेकडो मुलांच्या दिवाणखान्यात एका शिक्षकाच्या हाताखालच्या बालशिक्षकास तसा आधार कोठला? तो पाठ म्हणवून घेई. मुलाने का म्हणून विचारले की त्याची गाडी अडे. बेल ह्यांस ते दिसले नाही. १८१६ साली स्वित्झर्लंडात पेस्टालॉझींची शाळा पाहून आल्यावर, बारा वर्षांत ही पद्धती विस्मृतीत जाईल व आपली जगभर पसरेल, असे भाकीत त्यांनी केले म्हणतात. घडले उलटेच. १८४६ साली इंग्लंडच्या सरकारने तेरा वर्षांपुढील उमेदवार शिक्षकांस पाच वर्षे तयार करण्याची योजना आखली व बालशिक्षकांचे युग मावळू लागले.

ते पाहण्यास बेल उरले नव्हते. २७ जानेवारी १८३२ रोजी चेल्टनहॅम येथे ते वारले व वेस्टमिन्स्टर ॲबेत त्यांस पुरण्यात आले. आयुष्यभर चिकाटीने जमविलेला पैसा, सुमारे १,२०,००० पौंड, त्यांनी शिक्षणाकडे लावून दिला. त्यातून त्यांच्या जन्मगावी १८३३ साली जी शाळा उघडली, तिला नाव पडले मद्रास कॉलेज. ती आजही त्याच नावाने चालू आहे.