उज्जैनचे हरिभाऊ वाकणकर

उज्जैन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर महाकालाचे मंदिर, क्षिप्रेचे घाट आणि सिंहस्थाची गर्दी उभी राहते. परंतु मराठी माणसांचा या नगरीशी आणखी एक संबंध आहे, व तो विद्येचा आहे. शिंद्यांच्या राजवटीत माळव्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतून येथे शिक्षक, शास्त्री आणि संशोधक निपजले. सवाई जयसिंहाची मोडकळीस आलेली वेधशाळा माधवराव शिंदे यांच्या काळात १९२३ साली दुरुस्त झाली, तेव्हा ते काम गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्गणितज्ञाच्या देखरेखीखाली झाले. हजारो हस्तलिखिते जपणारी सिंधिया प्राच्यविद्या संस्थाही याच गावची. १९५७ साली येथे विक्रम विद्यापीठ स्थापन झाले. त्याच वर्षी या गावच्या एका चित्रकला शिक्षकाने भारताच्या प्रागितिहासात मोलाची भर घातली. ते शिक्षक म्हणजे विष्णु श्रीधर तथा हरिभाऊ वाकणकर.

हरिभाऊंचा जन्म ४ मे १९१९ रोजी नीमच येथे झाला. त्यांचा मूळ पिंड चित्रकाराचा. उज्जैनला त्यांनी भारती कला भवन ही संस्था काढून मुलांना चित्रकला शिकविली. पुरातत्त्वाची पदवी घेऊन मग उत्खननाला जावे, असा त्यांचा क्रम नव्हता. हातात कुंचला आधी आला, कुदळ नंतर. आणि त्यांचे पुढचे यश व त्यांच्यावरील पुढची टीका, दोन्हींचे मूळ मला येथेच दिसते.

त्या काळी भारतातील शैलचित्रांविषयी विद्वानांचे मत फारसे अनुकूल नव्हते. वास्तविक कार्लाइल या इंग्रज अधिकाऱ्याने मिर्झापूरकडील गुहांत अशी चित्रे १८६७-६८ मध्येच पाहिली होती. स्पेनमधील अल्तामिराची जगप्रसिद्ध चित्रे त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी उजेडात आली. परंतु पुढे पचमढीच्या चित्रांचा अभ्यास करणाऱ्या गॉर्डन यांनी ती बरीच अलीकडची, इसवी सनापूर्वी सातशे वर्षांच्या मागे न जाणारी ठरविली, आणि ते मत बराच काळ टिकले. आदिमानवाची चित्रे पाहावयाची तर फ्रान्स-स्पेनला जावे, असाच एकंदर समज होता.

हरिभाऊ मात्र पन्नासच्या दशकात चंबळच्या खोऱ्यात भानपुऱ्याकडील कपारी पायी हिंडत होते. १९५७ साली भोपाळच्या बाजूस रेल्वेने जाताना त्यांना खिडकीतून विंध्याच्या टेकडीवरील प्रचंड खडक दिसले, आणि अशा खडकांत चित्रे असणारच, असे वाटून ते तेथे गेले. फ्रान्स-स्पेनमधील गुहांची त्यांना आठवण झाली, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. परंतु त्यांचा युरोपचा अभ्यासप्रवास १९६१ नंतरचा आहे, तेव्हा ही आठवण बहुधा चंबळचीच असावी. ते ठिकाण म्हणजे भीमबेटका. १८८८ साली किनकेड नावाच्या अधिकाऱ्याने या जागेचा उल्लेख केला होता खरा, पण बौद्ध अवशेष म्हणून. त्या परिसरात सातशेहून अधिक शैलाश्रय असून त्यांतील चारशेंवर चित्रे आहेत, हे पुढील शोधकार्यातून स्पष्ट झाले.

शोध लागला म्हणजे काम संपले नाही. खरे काम पुढेच होते. एकाच खडकावर पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी चित्रे काढलेली. हरणावर हत्ती, हत्तीवर रानगवा, आणि सर्वांच्या वर ढाल-तलवार घेतलेले घोडेस्वार! कोणती रेघ कोणत्या रेघेखाली दबली आहे, हे ओळखून प्रत्येक थर कागदावर उतरवून घेणे हाच कालक्रम लावण्याचा एक मार्ग होता. त्याला चित्रकाराची नजर हवी होती, आणि ती हरिभाऊंजवळ होती. त्यांचे विद्यार्थीही या कामात सोबत असत. पुढे चित्रकार म्हणून नावारूपास आलेले सचिदा नागदेव हे त्यांपैकीच. उज्जैनसारख्या मध्यम गावी मोठा निधी नव्हता, पण चित्रे काढता येणारी मुले होती.

हे काम केवळ माळव्यापुरते राहिले नाही. देशभरच्या चित्रित शैलाश्रयांचा त्यांनी अभ्यास केला. आपल्या भागात बदामीजवळ सिडिलफडी येथे अशीच चित्रे आहेत. लेणी पाहून परतणाऱ्या आपल्या सहलींपैकी किती तेथपर्यंत जातात, हा प्रश्नच आहे.

उज्जैनच्या पूर्वेस सुमारे २५ किलोमीटरवर छोटी कालीसिंध नदीकाठी कायथा हे गाव आहे. काही विद्वान यालाच वराहमिहिराचे कपित्थ मानतात. तेथील टेकाड हरिभाऊंनी १९६४ साली हेरले व विक्रम विद्यापीठातर्फे तेथे उत्खनन केले. १९६८ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे अन्सारी व ढवळीकर यांनी ते पुढे नेले. गडद तपकिरी लेपाची रंगीत भांडी, तांब्याच्या कुऱ्हाडी व बांगड्या, आणि एका मडक्यात शंखजिऱ्याच्या दगडाचे सुमारे ४०,००० बारीक मणी, असा ठेवा या टेकाडाने दिला. इसवी सनापूर्वी चोवीसशेच्या सुमाराची ही वस्ती माळव्यातील शेतकऱ्यांची सर्वांत जुनी वस्ती समजली जाते व तिला कायथा संस्कृती हेच नाव मिळाले आहे.

१९७३ साली, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, भारतातील चित्रित शैलाश्रयांवरील प्रबंधाबद्दल पुणे विद्यापीठाने त्यांना पीएच. डी. दिली. १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली. रॉबर्ट ब्रुक्स यांच्या सहकार्याने लिहिलेला त्यांचा ग्रंथ १९७६ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाने प्रसिद्ध केला.

वाद मात्र येथेच उभा राहिला. भीमबेटक्याला हिरव्या रंगात काढलेल्या काही नर्तकांच्या आकृती आहेत. उत्खननात पुराश्मयुगाच्या उत्तरार्धातील थरांत हिरव्या रंगाचे खडे सापडले, म्हणून ही चित्रेही त्याच काळातील, असे हरिभाऊंचे म्हणणे. त्याच टेकडीवर उत्खनन करणारे डेक्कन कॉलेजचे वि. ना. मिश्र आणि तेथील चित्रांवर प्रबंध लिहिणारे यशोधर मठपाल यांना ते पटले नाही. त्यांच्या मते चित्रांचा आरंभ मध्याश्मयुगात होतो. मातीत रंगाचा खडा सापडला म्हणजे भिंतीवरचे चित्र त्यानेच काढले, असे सिद्ध होत नाही, ही हरकत माझ्या मते रास्त आहे. पण ही चित्रे अगदी अलीकडची आहेत हे गॉर्डन यांचे मत त्यानंतर पुन्हा डोके वर काढू शकले नाही, याचे श्रेय पुष्कळ अंशी हरिभाऊंनाच द्यावे लागेल.

ते राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे कार्यकर्ते होते व संस्कार भारतीच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. १९८५ साली लुप्त सरस्वतीच्या पात्राचा माग काढणारी शोधयात्रा त्यांनी काढली. घग्गर-हाकरा हेच सरस्वतीचे पात्र की काय, याविषयी तज्ज्ञांत आजही एकमत नाही, आणि या प्रश्नाला राजकारणाचा रंगही चढला आहे.

३ एप्रिल १९८८ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. भीमबेटक्याची नोंद युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत झाली ती २००३ साली. हिरव्या नर्तकांचे नेमके वय मात्र अद्याप ठरलेले नाही. खडकावर उरलेल्या त्या पातळ रंगाचा थेट काळ काढणे अजूनही कठीणच आहे.